गळती

टबातलं पाणी मी अजून रोज बदलतो, मुरमान.
तुला त्या टबाची गरज कधी पडलीच नाही.
मी ट्यूब बुडवून बुडबुड्यांची वाट बघत बसायचो
आणि तू नुसता गाल न्यायचास रबराजवळ,
डोळे मिटून,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा,
आणि म्हणायचास, "इथे."
इथेच असायचं.
खिळा, काच, एकदा तर कोंबडीचं हाड.

एकोणतीस वर्षं एकच जॅक वापरला आपण.
पाटीवर तुझं नाव आधी,
कारण पाटी रंगवणारा तुझा मेहुणा,
त्यावरून मी किती वर्षं टोमणे मारले.
मग उन्हाने दोन्ही नावं सारखीच विटली
आणि विषय संपला.

बँकेतली मुलगी म्हणाली, दोघांच्या सह्या लागतील.
म्हटलं, एकाची आहे.
म्हणाली, मग दुसऱ्यांना घेऊन या.
तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या दाढीकडे गेलं.
ही दाढी कशाची,
ते कुताइसीत कुणाला शिकवावं लागत नाही.
ती उठली आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली.

उधारीची वही मात्र
तू सूड म्हणून ठेवून गेलास.
नाव एक नाही. नुसती चित्रं.
मासा – चाळीस लारी.
शिडी – पंधरा.
मोडकी छत्री – नव्वद, खाली दोनदा रेघ.
कोण रे ही छत्री?
रिओनीच्या पुलावर उभा राहून
मी येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे वाचतो.
शिडी आपणहून आली:
मार्शुत्का चालवणारा तो लांबलचक तेंगिझ.
पंधरा लारी टेबलावर ठेवल्या
आणि वाकून, दाराच्या चौकटीला धरून रडला.
मासा अजून आलेला नाही.
नको येऊ दे. एक खातं तरी
उघडं राहू दे तुझ्यामाझ्यात.

एक भांडण अर्धंच राहिलं.
तुला ते चाकं तोलायचं मशीन हवं होतं,
इटालियन, जुनं, बातुमीहून.
मी म्हटलं, या रस्त्यांवर
चाक थरथरतंय की रस्ता, कुणाला कळतंय?
चार दिवस तू बोलला नाहीस.
पाचव्या दिवशी पाव आणि चीज आणलंस, दोघांपुरतं,
आणि मी तोंडात घास असताना म्हटलं, "बघू."
सहाव्या दिवशी तू नव्हतास.
त्या "बघू"चं आता काय करू?
कुठल्या खात्यात मांडू?

तुझ्या घरी, शेवटच्या रात्री,
सगळे येऊन तुझ्या कपाळाला ओठ लावत होते.
माझी पाळी आली. मी वाकलो
आणि ओठ न टेकता
गाल नेला तुझ्या नाकाशी.
ही सवय माझी नव्हे, तुझी.
खूप वेळ थांबलो.
कुठूनच काही येत नव्हतं.
इतकं चोख काम, मुरमान,
आपल्या हातून कधी झालं नव्हतं.
लामाराने पाहिलं, काही विचारलं नाही.

काल चाळीस दिवस झाले.
पावावर दारूचे थेंब सांडले तुझ्यासाठी,
तुझा भाऊ फार लांब बोलला, तू असतास तर
टेबलाखालून मला लाथ मारली असतीस.
आज सकाळी मी दाढी केली.
आरशात एक म्हातारा, गाल पांढरेफटक,
पट्टी काढल्यावर त्वचा दिसते तसे.

दुकान उघडलं तर लाल गाडीवाली बाई उभी.
मागचं चाक रोज रात्रीत बसतं, म्हणाली,
तीन ठिकाणी दाखवलं, कुणाला काही सापडत नाही.
चाक काढून मी टबाकडे निघालो.
मग थांबलो.
टायर भिंतीला टेकवला, गुडघ्यावर बसलो, गाल नेला.
रबराचा वास. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला.
काही नाही.
थोडा फिरवला. काही नाही.
आणखी थोडा –
आणि उघड्या कातडीवर
दोरा ओढावा इतकं बारीक,
गार.

"इथे," मी म्हटलं.
"काय?" बाईने विचारलं.
मी खिशातला खडू काढला
आणि त्या जागेभोवती गोल केला.