बासष्ट किलो

झेझ्काझ्गानच्या माळावर यान उतरतं
तेव्हा पहिल्या हेलिकॉप्टरात मी असते.
माझं काम एवढंच:
वरून आलेल्या माणसाच्या काखेत हात घालायचे,
आणि कुणी 'तीन' म्हणताच उचलायचं.
सहा महिने ज्यांना स्वतःची मान जड नव्हती
त्यांना ती एकदम सांभाळायची असते.
मागच्या खेपेला एकाने हातातलं सफरचंद
बोलता बोलता हवेत सोडून दिलं,
सवयीने.
ते पायाशी पडल्यावर
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच पाडलं.

घरी अके. माझे वडील, ओराझबेक.
करगंडाच्या कोळशात एकतीस वर्षं, सहाशे मीटर खोल.
आता पलंगावर, डावी बाजू गेलेली.
न्हाणीघर अकरा पावलांवर
आणि माझी कंबर ही अशी.

त्या अकरा पावलांत मी हिशेब करते.
चंद्रावरच्या काट्यावर अके दहा किलो, वर थोडे ग्रॅम:
एका हातात वडील, दुसऱ्या हातात बादली.
मंगळावर साडेतेवीस. जमेल.
बुधावरही जवळजवळ तेवढेच,
एवढासा बुध, पटत नाही, पण आहे.
सीरिसवर पावणेदोन;
कूस बदलली तरी छताला लागतील,
पांघरूण दोरीने बांधावं लागेल.
गुरूवर एकशे सत्तावन्न,
आणि पाय रोवायला जमीनच नाही.
गुरू मी उंबऱ्याशीच टाकून देते.

"काय पुटपुटतेस, कुनसुलू?"
"तुम्हाला चंद्रावर नेतेय."
"तिथे पाणी?"
"पडेल की. पण सावकाश.
भांडं उपडं केलं तरी
टाळूवरून खांद्यावर यायला वेळ घेईल."
पडत्या फळाची आज्ञा तिकडे वेगळी,
फळ आधी विचार करतं.

आमचा इंजिनिअर सेरिकबाय म्हणतो,
वजन घटतं गं, माणूस घटत नाही.
ताणकाटा ग्रह बघून बोलतो,
बाजारातला दोन पारड्यांचा तराजू
कुठेही तेच सांगेल.
चंद्रावर तू बापाला घेऊन धावलीस
आणि दाराच्या चौकटीवर आदळलीस,
तर ते बासष्टच्या बासष्ट आदळतील.

हे मी अकेंना सांगितलं.
ओठांच्या उजव्या अर्ध्याने हसले.
"मग चौकट सांभाळ."

आज शनिवार.
'तीन' ते म्हणतात, उचलते मी.
टबाच्या कडेवर क्षणभर
अख्खी पृथ्वी माझ्या मणक्यात.
मग पाणी त्यांना माझ्याकडून हळूहळू काढून घेतं,
आधी टाचा, मग कंबर, मग पाठ,
आणि डावा हात,
दोन वर्षं न हललेला,
आपसूक वर येतो.

आम्ही दोघंही बोलत नाही.
नुसते त्याच्याकडे बघत राहतो,
पाणी निवेपर्यंत.