तिसरा आकडा

शेडच्या पत्र्यावर खडूने तीन आकडे लिहून
अल्सीड दोन रविवार नुसता बसलाय.
पुढ्यात ट्रकचा सांगाडा, छातीएवढी चाकं,
आणि बॉनेटखाली
कोंबडी अंडी घालून जाते एवढी रिकामी जागा.

पोरगा म्हणतो, ॲल्युमिनियमचं घ्या, हलकं,
सहा हजारांवर कसं किंचाळतं बघा.
मेहुणा म्हणतो, डिझेल.
डिझेल!
नाक जड झालं की लुइझियानाची दलदल
ट्रक परत देत नाही, बूटसुद्धा देत नाही.

जो तो अश्वशक्ती सांगतो.
अरे, चिखलात घोडा काय करील?
रेडा पाहिजे,
मान खाली घालून ओढणारा.

राहिलं भंगारातल्या शाळेच्या बसचं
बिडाचं धूड. चारशे डॉलर. एका सिलिंडरात गंज.
वर्लीनबाई चालवायची ती बस.
पुराच्या साली एकोणतीस पोरं घेऊन
पायरीवर पाणी चढलेलं, पहिला गिअर,
कुठेही न थांबता.
मी तिसऱ्या बाकावर होतो.
अल्सीड माझ्या दप्तरात ओकला होता.

'हे काय कारण झालं?' तो म्हणतो.
'आधी कॉम्प्रेशन बघू.'
आणि तेलकट फडक्याने
वरचे दोन आकडे पुसतो.