काळी खिडकी

महापे. रात्रपाळी. पावणेतीन.
सर्व्हरच्या खोलीत बारा महिने तीच थंडी,
मी स्वेटरमध्ये, अन्वय गुरव त्याच्या हुडीत.

त्याच्या पडद्यावर सगळं कसं मांडलेलं:
डावीकडे फायलींची उतरंड, वर चित्रांची पट्टी,
चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ,
आणि अर्धा शब्द लिहिला की उरलेला
पानात वाढून मोकळा होणारा
कुणी न दिसणारा वाढपी.

माझ्याकडे काळी खिडकी.
एक चौकोन लुकलुकतो,
विचारत नाही, सुचवत नाही.
"मॅडम, यात कळतं कसं, कुठे काय आहे ते?"
कळत नाही रे. आठवावं लागतं.

इथं अक्षरं आधी लिहीत नाहीत, राबतात.
जे म्हणजे एक ओळ खाली, के म्हणजे वर.
डी दोनदा, की अख्खी ओळ गेली.
लिहायचंच असेल तर आय:
चपला काढून आत आल्यासारखं.
मग एस्केप,
आणि चपला पुन्हा पायात.

सत्त्याण्णव साली वाशीच्या एका क्लासात
दोघींत एक मशीन, माऊस मोडलेला,
म्हणून शिकले. निष्ठाबिष्ठा काही नाही.
पुढे बोटंच शिकली,
मला विचारेनाशी झाली.

तीन दहाला चेन्नईचं मशीन आडवं झालं.
लाइन थेंबथेंब येत होती.
अन्वयची रंगीत खिडकी उघडता उघडता पांढरी पडली,
मध्ये ते चक्र, गोल गोल गोल.
मी शिरले. काळी खिडकी
कितीही चिंचोळ्या वाटेनं जाते,
तिच्यापाशी सामानच नसतं.
दोनशे चौदावी ओळ. एक जास्तीचा स्वल्पविराम,
सोललेल्या कोळंबीत राहून गेलेल्या
काळ्या दोऱ्यासारखा.
काढला.
मशीन उठलं.
अन्वय काही बोलला नाही. चहा घेऊन आला.

पाचला कुंदाताई आल्या, तुर्भे स्टोअरहून.
बादली टेकवत म्हणाल्या,
"उद्यापासून नवी पोरगी येतेय.
त्या पिवळ्या वायरींचं जरा लिहून द्या मोठ्या अक्षरात.
तिला मराठीच वाचता येतं."

सवयीनं काळ्या खिडकीतच लिहायला घेतलं:
पिवळ्या वायरींजवळ ओलं फडकं नेऊ नये.
तर प राहिला इथे, आणि त्याची वेलांटी
पलीकडे उभी,
ठिपक्यांची रिकामी बांगडी हातात घेऊन.
अनुस्वार शेजारच्या घरात जाऊन बसलेला.
ळ आणि य एकमेकांना ओळखच देईनात.
एका अक्षराला एक खोली, हा इथला कायदा,
आणि ही माझी भाषा, एकटी राहतच नाही कधी,
कुणी कुणाच्या डोक्यावर,
कुणी पायाशी, कुणी कडेवर.
सव्वीस वर्षं या खिडकीत बसतेय मी,
आणि तिथे मला आईचं नाव लिहिता येत नाही
हे आज पहाटे कळावं?

अन्वयनं खुर्ची सरकवून त्याची खिडकी दिली.
तिथे सगळी आली, आपापल्या जागी टेकली.
फाँट त्यानंच निवडला. अठ्ठेचाळीस. लाल.
माऊसवर माझा हात
परक्या घरी वाटी धरावी तसा.

छापून आलं तेव्हा शेवटी एक शब्द होता
कुणीच न लिहिलेला:
छैौ

कोलन, डब्ल्यू, क्यू.
काम झालं म्हणून बोटांनी आपणहून दाबलेलं,
मराठी कळफलकानं आपल्या परीनं ऐकलेलं.
छवर ऐ चढून बसलेला,
औला जागा उरली नाही,
तोही तीच ठिपक्यांची बांगडी घेऊन दाराशी.

कुंदाताईंनी त्यावर बोट ठेवलं. "हे काय?"
म्हटलं, "जपून ठेव, आणि बाहेर पड."

अन्वय पुन्हा छापायला उठला होता.
"असू दे की," त्या म्हणाल्या,
"पोरीला तेच तर सांगायचंय,"
आणि सेलोटेप दातानं तोडली.