कंसात

पर्वरीच्या टेकडीवर मी पाच-पाच मिनिटं ऐकते.
पाच झाली की दीक्षिता येऊन शेजारी टेकते,
चालू वाक्य माझ्या पेन्सिलीवरून तिच्या पेन्सिलीवर जातं
आणि मी उठते,
पुढे काय झालं ते न कळता.
अठरा वर्षं अशी.
कुणाचा पूल, कुणाची शाळा, कुणाची शोकसभा,
सगळ्यांच्या मधल्या तुकड्यांची मी साक्षीदार.

काल दोन विधेयकं होती.
सरकारी खिडकीवर फोनमधलं चलन चालावं, हे एक.
पंचायतीचं मत फोनवरून द्यावं, हे दुसरं.
पण काल मत त्यांच्यावर नव्हतं.
मत होतं, त्यांच्यावर बोलायचं कसं, यावर:
दोन्ही एकत्र, एका तासात, दुरुस्ती न मांडता.
त्या एका तासाबद्दल सभागृह चार तास बोललं.
(हशा) मी दोनदा लिहिलं.
(व्यत्यय) किती वेळा, मोजलं नाही.

मग काणकोणचे पुनो वेळीप उभे राहिले,
पहिल्यांदाच निवडून आलेले, हातात कागद नाही.
सभापती म्हणाले, वेळ संपली.
तांबडा दिवा विझला.
ध्वनिक्षेपक गेला की माणसाचा आवाज
एकदम घरचा होतो.
मी चार हातांवर बसते. मला ऐकू आलं.

'आमच्या वाड्यावर रेंज नाही.
इनास पोदेर सायकल झाडाला टेकवतो
आणि टेकडी चढतो, पैसे आले का बघायला.
तोवर कुत्री पाव नेतात.
आता मतासाठीही तीच टेकडी चढायची?
मग एक तास पुरायचा नाही, साहेब.
चढायलाच एक तास लागतो.'

नियम असा, की जे ध्वनिक्षेपकातून आलं नाही
ते बोललं गेलं नाही.
हाताला नियम उशिरा कळतो.
त्याने सगळं उतरवलं होतं,
आकडे, ठिपके, पावाच्या जागी एक छोटा गोल.

घंटा झाली.
उपाहारगृहातून तोंडं पुसत माणसं आली.
होय म्हणणारे एकवीस, नाही म्हणणारे सोळा.
खुर्चीवर बसता बसता एकाने शेजाऱ्याला विचारलं,
काय पास झालं?
तेही ध्वनिक्षेपकाबाहेर.
दीक्षिता आली. माझी पाच मिनिटं भरली.

बाबांच्या डब्यात इस्कूदाची तीन नाणी आहेत.
एका सकाळी ती पैसे राहिली नाहीत.
त्याआधी कुणी कुणाला विचारलं का,
विचारलं तर किती मिनिटं,
बाबांना सांगता आलं नाही. त्यांना एवढंच आठवायचं,
की दुकानदाराने बिस्किटाचा पुडा परत मागितला.
आणि आईला आठवायची सदुसष्टची शाई.
आठवडाभर ते बोट तिने राखेला लागू दिलं नाही.
कौल काय दिलास, विचारलं की म्हणायची,
तुला कशाला?

संध्याकाळी टंकलेखन केलं.
श्री. पुनो वेळीप : (ध्वनिक्षेपक बंद).
दोन वाकड्या रेघा, मध्ये एवढा उंच माणूस
अंग चोरून उभा.
मी जागा थोडी वाढवली. एक मोकळी ओळ.
तेवढं माझ्या अखत्यारीत येतं, असं मी ठरवलं.

पोंबुर्प्याहून चोडणच्या फेरीत
एका पोराकडून शेंगदाण्यांची पुडी घेतली.
फोन काढला, आणि मधल्या पात्रात रेंज गेली.
चक्र फिरत राहिलं. पाणी काळं होत गेलं.
पोर म्हणालं, आसूं दी, फाल्यां दी.
नाव विचारलं नाही त्याने,
ओटीपीही नाही.

वही पिशवीत आहे.
महिनाअखेर फाडून टाकायची, असा तोही नियम.
लघुलिपी माझी मलाच लागते,
दीक्षिताला अर्धीमुर्धी.
आज तिला तो छोटा गोल दाखवला.
तिने बराच वेळ पाहिलं
आणि विचारलं,
हे शून्य आहे का गं?