पायाळू

टामालेच्या सुईणशाळेत
जानेवारीची धूळ वाळवंटाकडून येते
आणि हजेरीपटावर बसते.
मादाम आझारा फुंकर मारतात,
नावं वर येतात:
नापारी, वुंपिनी, सनातू, सुहुयिनी.

आक्राहून यादी आली आहे.
प्रवेशाचे गुण, घरापासूनचं अंतर,
फी भरायला लागलेले दिवस,
आई कितवी शिकली,
असे एकोणीस रकाने ढवळून
यंत्रानं प्रत्येक नावापुढं एक आकडा ठेवलाय.
परवाना परीक्षा पास होण्याची शक्यता:
वुंपिनी, ब्याण्णव.
सुहुयिनी, एकतीस.
खाली टीप: विद्यार्थिनींना सांगू नये.

बाई यंत्रावर रागवत नाहीत.
सव्वीस वर्षं त्याही हेच करत आल्या,
पहिल्या दिवशी, दारातच.
नखं पाहून, वही धरायची रीत पाहून,
कोण रक्ताला भिईल,
कोण लग्नाला म्हणून जाईल ती परत येणार नाही.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
बाईंना ते उंबऱ्यातच दिसायचे
आणि निम्म्या वेळा भलत्याच कुणाचे निघायचे.

मागल्या वर्षीची तिमतूनी.
चुणचुणीत, पहिल्या बाकावरची.
यंत्र म्हणालं, बावीस.
बाई म्हणाल्या, त्याला काय कळतंय, माझी पोर आहे ती.
कागद खणात, खणाला कुलूप.
एप्रिलात खाट रिकामी झाली.
गादीखाली फीची पावती निघाली,
अर्ध्या रकमेची, चार घड्या घातलेली.
यंत्राला तेवढंच कळलं होतं.
बाईंना तेवढंही नाही.

म्हणून यंदा एकतीस हा आकडा घेऊन
त्या वसतिगृहामागच्या नळापर्यंत चालत गेल्या.
अभ्यास का होत नाही, असं विचारलं नाही.
रात्री कुठं असतेस, विचारलं.

उत्तर यायला एक बादली भरावी लागली.

बाजारामागच्या पंपावर, दहा ते चार,
मोटारसायकलींच्या टाक्या भरते.
भावाच्या डोळ्यांचं औषध चालू आहे.
पुस्तक इंग्रजीत, झोप दागबानीत,
दोघींची गाठ पडते ती वर्गात, तिसऱ्या बाकावर.

एकोणीस रकान्यांत पेट्रोलचा वास कुठंच नव्हता.
बाईंनी पेन्सिलीनं विसावा आखला.
दवाखान्याच्या भांडारात शनिवार-रविवारचं काम लावून दिलं,
पैसे कमीच.
बस, एवढंच. चमत्कार वगैरे नाही.

मग ती रात्र. दोन वाजलेले, वीज गेलेली,
मोबाईलचा उजेड नापारीच्या हातात,
आणि मूल पायाळू.
आधी एक टाच, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी.
अशा वेळी ओढायचं नसतं,
हात जवळ ठेवून थांबायचं असतं.
पुस्तकात आहे ते, पान दोनशे चार.
हातांना थांबवायचं कसं, ते तिथं नाही.
सुहुयिनी थांबली.
तिच्यामागं बाई थांबल्या.
पाय तर समोर दिसत होते, अगदी नखांसकट,
आणि त्यांवरून कुणालाच काही सांगता येत नव्हतं.

पहाटे, मूल रडून झोपल्यावर,
हात धुताना बाईंच्या मनात आलं,
एकतीस म्हणजे नाही, असं यंत्र कधी म्हणालंच नव्हतं.
शंभरातल्या एकतीसजणी पास होणार, एवढंच.
नाही हा शब्द आपण ऐकला.

परीक्षा सहा आठवड्यांवर.
पायरीवर बसून सुहुयिनी नोंदवही भरते,
प्रसूती क्रमांक बावीस, वजन, वेळ, सही.
मान वर न करता विचारते,
बाई, आक्राच्या यादीत माझा आकडा काय होता?

टीप आठवते. तरी बाई सांगून टाकतात.
एकतीस.

सुहुयिनी बोटांवर मोजते.
म्हणजे अजून नऊ, म्हणते,
आणि पान उलटते.