पाईप नव्हे

ससूनच्या दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंनी
पडद्यावर माझ्या नळ्या लावल्या
आणि मी म्हणालो, कळलं. क्षार धरलाय.
एकतीस वर्षं पर्वती जलकेंद्रावर काढली मॅडम,
घोरपडे पेठेतली सहा इंची काढली होती ब्याण्णवला,
आत करंगळी जाईल एवढीच वाट,
बाकी सगळा गंज, तांबडा, कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा.
तेच ना हे?

त्या हसल्या नाहीत, तेवढं बरं केलं.
केतकी सरपोतदार. वय माझ्या धाकटीएवढं.
केसपेपरच्या मागं बॉलपेननं दोन रेघा ओढल्या.
काका, पाईप नव्हे.
पाईपच्या आत साचतं. हे भिंतीत साचतं.

भिंतीत?

भिंतीला आतून अस्तर असतं, एका पेशीएवढं पातळ.
दाब, विडी, साखर, कशानं तरी ते दुखावतं.
रक्तातून जाणारी चरबी तिथून आत शिरते,
राहते, आंबते.
मग शरीर सफाईला पेशी पाठवतं.
त्या खातात. खातच राहतात.
फुगून फेसासारख्या होतात
आणि साफ करायला आलेल्या त्याच
तिथं मरून पडतात, ढिगात भर घालतात.

मी पडद्याकडं बघत होतो.
मला विलास ओव्हाळ दिसला.

सत्त्याण्णवचा मे. गंज पेठ.
ड्रेनेजकडं माणसं कमी होती म्हणून
मला दोरावर उभं केलेलं.
विलास गाळ काढायला उतरला,
दोनदा दोर हलला, मला वाटलं बादली भरली.
तिसऱ्यांदा हललाच नाही.
पेपरात त्याचं आडनाव चुकलं होतं.
दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला
मी नेहमीसारखी चावी फिरवली,
सगळ्या पेठांना पाणी वेळेवर गेलं.

काका, ऐकताय ना?
हो हो.
तर भिंत काय करते, बाहेरच्या अंगानं फुगते.
आतली वाट तेवढीच ठेवते.
म्हणून वीस-वीस वर्षं पत्ता लागत नाही,
माणूस जिने चढतो, लग्नात जेवतो.

(मी जेवलो. दोन मुलींच्या लग्नांत जेवलो.
जिलेब्या मोजल्या नाहीत.)

वर एक कवच धरतं.
जाड असलं तर निभतं.
पातळ असलं तर कधीतरी चिरतं,
रक्ताला वाटतं जखम झाली, ते गोठायला धावतं.
नळी बंद पडते ती बहुतेकदा या घाईनं.
तुमचं कुठलं आहे, ते मी आज सांगू शकत नाही.

केव्हापासून असेल हे?
त्यांनी खांदे उडवले. पंचविशीपासूनही असेल.
गोळी रात्रीची, चुकवायची नाही. विडी बंद. चालायचं.
मी विचारलं, भिंतीतलं निघतं का पूर्ण?
पूर्ण नाही, म्हणाल्या. पण निवतं. घट्ट होतं. बसून राहतं.

स्टेशनवर बस उशिरा आली.
शेजारच्या गाडीवर भजी तळत होती,
मी तिकडं पाठ करून उभा राहिलो,
वासाला काय पाठ करणार.

मोठी चावी एकदम फिरवायची नसते.
पाण्याचा दणका बसतो, जुने सांधे उडतात.
आधी अर्धा आटा. थांबायचं, कान लावायचा.
मग पुन्हा अर्धा.
हे नव्या पोरांना मीच शिकवलंय.

मंदानं दार उघडलं.
काय म्हणाल्या बाई?
गोळी दिलीय, म्हणालो. रात्रीची.
एवढंच?
चप्पल काढायला मी जरा जास्तच वेळ घेतला.
चहा टाकू का बिनसाखरेचा?
टाक, म्हणालो. आणि टाकलास की
इथं बस जरा.
तो विलास होता बघ आमच्याकडं,
ओव्हाळ.