कारण

मंगळवारी साडेआठला
फाट्यावरून वळताना गाडी दोनदा हॉर्न देते.
एक माझ्यासाठी,
दुसरा शिवमूर्तीच्या म्हशीसाठी, ती रस्ता सोडत नाही.

गौसोद्दीन मागचं दार उघडतो,
फळी खाली सोडतो.
फळी म्हणजे उसाच्या ट्रॉलीचा जुना पत्रा,
जिंतूरच्या वेल्डरनं खालून दोन अँगल मारून दिलेला,
वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या,
चाक घसरू नये म्हणून.
चढताना ती कण्हते.
मी नाही कण्हत.

एसटीच्या तीन पायऱ्या मला पाठ आहेत.
पहिली थेट छातीला लागायची.
तिकिटावर पंचाहत्तर टक्के सवलत,
पायरीवर काहीच नाही.
मग कुणीतरी यायचं, विचारल्याशिवाय
बगलेत हात घालायचं,
"धरा हो, मावशीला वर घ्या,"
आणि हरभऱ्याच्या कट्ट्यामागोमाग मी.
एखादा हात नको तिथं लागायचा.
त्यालाही वर बसल्यावर म्हणायचं,
देव तुझं भलं करो.

गौसोद्दीननं पहिल्या दिवशी विचारलं,
"आपा, हात कुठं लावू?"
छत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मला उत्तरच सुचेना.
फळीवर ऊन पडलं होतं, म्हैस बघत होती.
मग म्हणाले, "कुठंच नको.
उतार लागला की खुर्ची तेवढी मागून धर."

गाडीत आम्ही चौघं-पाचजण.
सोजरबाई, रक्त धुवायला परभणीला,
येताना झोपते, तोंड उघडं,
तिचा डबा मी मांडीवर धरते.
पिराजी मोंढ्यात हमाल होता,
मणका गेला, वजनाचा अंदाज नाही गेला.
"ताई, तुमी खुर्चीसगट पंचावन किलो.
अर्धं पोतं धरा."
आणि तथागत, नऊ वर्षांचा.
मान सावरत नाही त्याला,
पण खड्डा यायच्या आधीच हसतो.

भाडं तीस रुपये.
नसले तर शेंगा चालतात.
एकदा कुणी कोंबडी दिली,
ती सीटखाली बसून बोरीपर्यंत आली,
पट्टा न लावता.

वही वत्सलाताईंकडं, बचत गटाच्या.
नाव, गाव, खुर्ची की काठी,
आणि शेवटचा रकाना, कारण.
मी तो वरून खालपर्यंत वाचलाय:
दवाखाना. दवाखाना. बँक. दवाखाना.
हयातीचा दाखला. दवाखाना.

माझी धाकटी बहीण
एकदा भांडून गेली मावशीकडं,
एकदा बांगड्या भरायला,
एकदा नुसतीच, चप्पल घालून, कुठंतरी,
दिवेलागणीला परत आली.
कुणी वही काढली नाही.

परवा फोन केला.
"बुधवारी गाडी रिकामी हाय का?"
"हाय की. कुठं जायचंय?"
"येलदरीला. धरणावर."
"तिथं कोणता दवाखाना?"
"दवाखाना नाही."
पलीकडं पेन थांबलं, मला ऐकू आलं.
"मग कारण काय लिहू?"

मशिनीवर कुणाचा तरी ब्लाऊज, बाही अर्धी,
सुई कापडात रुतलेली.
चाक हातानं फिरवून मी ती वर घेतली.
"लिहा, उगंच."

वत्सलाताई हसल्या नाहीत.
"उगंचचा उ पहिला का दुसरा?"
"पहिला."

आज गाडीत वही पाहिली.
माझ्या खाली पिराजी,
त्याच्या खाली तथागत, आईसोबत.
कारण: वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.

सोजरबाईला रक्त धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी उठवत नाही.
आणि तिचं रोजचं पाणी मोजून असतं, तांब्याभर.
डबा माझ्या मांडीवर देत म्हणाली,
"धरण भरलंय का, नीट बघून ये.
किती भरलंय, ते बी सांग."